विमान ढकलणं हे विद्यार्थ्याचं काम आहे की नाही?

विंडसॉक

परवा इथे 'ढगातला' या शिकाऊ वैमानिकाने जे लिहिलं ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर उत्तर देते आहे. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं असेल त्यांच्यासाठी त्यातलं मुख्य: "आमच्या आई-बापांनी लाखो रुपये भरलेत. पहाटे साडेपाचला हजेरी, हँगरमधून विमान ढकलत बाहेर काढणं, काच पुसणं ही नोकरांची कामं आमच्याकडून करून घेतात आणि वर त्याला शिस्त म्हणतात. आम्ही ग्राहक आहोत. प्रोफेशनल कसं वागायचं ते एअरलाइन शिकवेल, नोकरी लागल्यावर."

मी अकरा वर्षं फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर आहे. विमान ढकलताना तुमचा हात पंखावर असतो, नजर टायरवर जाते, जिथे रात्रभर विमान उभं होतं तिथल्या फरशीवर तेलाचा नवा डाग आहे का ते दिसतं. काच पुसताना कळतं की ओरखडा कुठे आहे आणि समोर दिसणारा ठिपका किडा आहे की दुसरं विमान. हे नोकराचं काम असेल तर मग तुमचं काम कोणतं? खांद्यावर पट्ट्या लावून प्रोपेलरला टेकून फोटो काढायचं?

एक प्रसंग सांगते. जुलै महिना, रात्रभर पाऊस, सेसना १५२ बाहेर बांधून ठेवलेलं. मुलगा अठरा तास उडालेला, सोलोच्या (एकट्याने उडण्याच्या) उंबरठ्यावर. मी विचारलं, "फ्युएल ड्रेन केलं?" म्हणजे टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी आहे का ते बघणं. म्हणाला, "हो मॅडम." चेकलिस्टवर टिक होती. मी स्वतः बाटली घेतली, पंखाखाली वाकले, ड्रेन दाबलं. वर निळं पेट्रोल आणि खाली बोटाच्या पेराएवढं पाणी. ते पाणी टेकऑफनंतर तीनशे फुटांवर इंजिनात गेलं असतं तर पुढे उसाचं शेत आणि विजेच्या तारा.

तो ड्रेन करायला विसरला याचा मला राग आला नाही. मीही विसरले आहे. तो "हो" म्हणाला याचा राग आला. मी त्याचा सोलो थांबवला तर संध्याकाळी वडिलांचा फोन, "एवढ्याशा पाण्यासाठी मुलाचा आठवडा वाया घालवला?"

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास भरायचे, त्यातले १०० कमांडमध्ये (विमानाची जबाबदारी स्वतःकडे), ३०० सागरी मैलांची क्रॉस-कंट्री, सहा-सात पेपर. एवढ्या वाटेवर खोटं बोलायच्या जागा पावलोपावली आहेत. पार्करचे तास (न उडता नुसते पेनाने लॉगबुकात भरलेले) कुणाला माहीत नाहीत इथे? २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने घेतलेले वैमानिक पकडले गेले, त्यांतले काही प्रवासी घेऊन उडत होते. त्यांना एअरलाइनने प्रोफेशनल केलं नाही. तिथे पोचेपर्यंत माणूस घडून झालेला असतो.

ढगातला

मॅडम, माझं नाव घेऊन लिहिलंत म्हणून नाव घेऊनच उत्तर देतो.

पाण्याची गोष्ट खरी असेल, मान्य. पण तो मुलगा "हो" का म्हणाला याचा विचार अकरा वर्षांत केलात का? मी सांगतो. माझ्या चौदाव्या तासाला स्टॉल रिकव्हरी (पंखांची उचल सुटली की विमान सावरणं) मला समजली नव्हती. डीब्रीफिंगमध्ये (उड्डाणानंतरच्या चर्चेत) मी म्हणालो, "सर, समजलं नाही, परत सांगता का?" सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या बापाने पैसे पाण्यात घातले." पुढचे सतरा दिवस माझं नाव रोस्टरवर नव्हतं. अठराव्या दिवशी त्यांनी विचारलं, "आता समजलं?" मी म्हणालो, "हो सर." नव्हतं समजलं. पुढे दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे समजलं.

ग्राहक हा शब्द मला आवडतो म्हणून नाही वापरला. विद्यार्थी म्हणून विचारलं तर उत्तर मिळत नाही, म्हणून वापरला. चौदा महिने झालेत, माझे बासष्ट तास आहेत. विमान ढकलायला पहाटे सगळे हवेत, उडायला मात्र चारच नावं.

एक वडील, लातूर

मी विमानातला माणूस नाही. सोयाबीनवाला आहे. मुलासाठी तीन एकर विकली आणि वर बँकेचं कर्ज काढलं. एकूण ५५ लाख. करारात लिहिलं होतं बारा ते चौदा महिने. आता बावीस महिने झाले. कधी विमान बंद, कधी इन्स्ट्रक्टर सोडून गेला, कधी पाऊस, कधी पेट्रोल नाही. हप्ता मात्र पावसातही चालू असतो.

विंडसॉकताई, फोन करणारे वडील तुम्हाला वाईट वाटले. मी पण केला असता असा फोन. एक आठवडा म्हणजे काय ते बापाला व्याजात दिसतं. आमच्या पोरांना प्रोफेशनल व्हा म्हणता, तर पैसे आधी घेऊन विमान न देणाऱ्यांना कोण म्हणणार? सगळी फी आगाऊ का घेतात, तासाप्रमाणे का घेत नाहीत, याचं उत्तर आधी द्या.

पाना १०-११

मी एएमई, म्हणजे विमानांची देखभाल करणारा इंजिनियर. सोळा वर्षं ट्रेनिंगच्या विमानांवर हात काळे करतोय. तुम्ही पायलट लोक आपसांत भांडता तेव्हा आम्ही कुणाच्या लक्षात नसतो, तरी लिहितो.

विद्यार्थ्यांचं खरं माप काढायचं असेल तर टेक लॉग (विमानाची नोंदवही) उघडा. महिनाभर उडालेलं विमान आणि स्नॅगचा (बिघाडाचा) रकाना कोरा. असं विमान जगात नसतं. पोरं येतात, कानात सांगतात, "काका, डावा ब्रेक जरा स्पंजी वाटतोय, लिहू नका हां." का? लिहिलं की विमान ग्राउंड, म्हणजे उड्डाण बंद. ग्राउंड झालं की रांगेत पाचव्या नंबरवर बसलेल्या मित्राची सॉर्टी (उड्डाणाची पाळी) गेली. मग रात्री हॉस्टेलमध्ये त्या मित्राची बोलणी खायची. लातूरच्या काकांचा मुलगा कदाचित तोच पाचवा असेल.

एका मुलीने मात्र लिहिलं होतं. लँडिंगनंतर उजव्या बाजूला ओढ लागते, एवढीच ओळ. चाक काढलं तर ब्रेक डिस्कला तडा. त्या दिवशी अकरा जणांच्या सॉर्टी रद्द झाल्या आणि महिनाभर तिच्याशी कुणी नीट बोललं नाही. तिला शाबासकी मी एकट्याने दिली. सीएफआयने (मुख्य इन्स्ट्रक्टरने) सुद्धा नाही.

आणि आमच्या एएमईच्या पोरांचं बोला कधीतरी. चार वर्षं शिकून बिनपगारी 'अनुभव' घेत हँगर झाडतात. एक सॉकेट हरवला तर संध्याकाळी घरी जायचं नाही, अख्खं विमान उघडायचं, हे त्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि ती करतात. त्यांना कुणी कॅप्टन म्हणत नाही.

जुना टॉवर

तेहतीस वर्षं एटीसीत (हवाई वाहतूक नियंत्रणात) काढली, आता निवृत्त. मला विद्यार्थ्यांच्या आवाजावरून कळायचं की हा पुढे कसा होईल.

एका दुपारी सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत) सोलो मुलगा होता, मागे बारा मैलांवर जेट. मी म्हणालो, "शॉर्ट अप्रोच करशील का?" म्हणजे लवकर वळून उतरशील का. दोन सेकंद शांतता. मग घाबरलेला पण स्वच्छ आवाज, "अनेबल." म्हणजे जमणार नाही. मी जेटला एक वळसा दिला, संपलं. खाली उतरल्यावर त्याला क्लबच्या कुणीतरी झापलं की टॉवरला नाही कसं म्हणतोस. मी स्वतः फोन करून सांगितलं की आज दिवसभरात फ्रीक्वेन्सीवर सगळ्यात प्रोफेशनल शब्द त्या पोराने उच्चारला. बाकीचे शंभर जण "रॉजर" म्हणून करता येत नसलेली गोष्ट करायला जातात.

आणखी एक. आपापसांत प्रश्नसंच लपवणारी पोरं पाहिली की मला १९३०ची आगाखान बक्षिसाची शर्यत आठवते. भारत ते इंग्लंड, कोणत्याही दिशेने, एकट्याने उडायचं. जेआरडी टाटा कराचीहून निघाले होते, अस्पी इंजिनियर उलट दिशेने येत होते. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून बसले होते. जेआरडींनी आपले जादा प्लग काढून दिले. शर्यत अस्पी जिंकले, जेआरडी थोडक्यात हरले. जेआरडी भारताचा पहिला परवानाधारक वैमानिक, अस्पी पुढे हवाई दलप्रमुख. दोघेही तेव्हा विद्यार्थी म्हणावेत इतके कोवळे होते, अस्पी तर सतरा वर्षांचे. ताई म्हणतात तेच, माणूस आधी घडलेला असतो.

उजवी सीट

मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवरचा सहवैमानिक, नॅरोबॉडी प्रवासी विमानांवर चार वर्षं. टॉवर काकांच्या "अनेबल"वर थांबलो, कारण खरा विषय तोच आहे आणि विंडसॉक मॅडमनी तो बाजूला ठेवला.

मंगळूरचा अपघात, २२ मे २०१०. १५८ माणसं गेली. कॅप्टन उड्डाणातला बराच वेळ झोपला होता, रेकॉर्डरवर घोरणं आहे. अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणं) उंच आणि वेगात. सहवैमानिक "गो अराउंड" (उतरणं सोडून परत वर चला) म्हणाला, एकाहून जास्त वेळा. म्हणाला, पण कंट्रोल हातात घेतले नाहीत.

कोझिकोड, ७ ऑगस्ट २०२०. विमानात १९०, गेले २१, दोन्ही वैमानिकांसह. पाऊस, मागून वारा, ८,८५८ फुटांच्या टेबलटॉप (पठारावरच्या, टोकाला दरी असलेल्या) धावपट्टीवर चाकं टेकली ती ४,४३८ फुटांवर. एएआयबीच्या (विमान अपघात तपास विभागाच्या) अहवालात संभाव्य कारण म्हणून दोन गोष्टी आहेत आणि लोक एकच वाचतात. पहिली, कॅप्टनने अस्थिर अप्रोच चालू ठेवला, गो अराउंडच्या हाकेनंतरही. दुसरी, सहवैमानिकाने कंट्रोल घेऊन गो अराउंड केलं नाही.

ही दुसरी ओळ वाचून मी रात्रभर जागा होतो. मी त्या सीटवर बसतो. मी घेतले असते का? प्रामाणिकपणे सांगतो, पहिल्या वर्षी घेतले नसते. कारण ट्रेनिंगच्या दोनशे तासांत मला एकदाही कुणी शिकवलं नाही की शेजारच्या सीटवरच्या माणसाला थांबवायचं असतं. "हो सर" शिकवलं. एअरलाइनमध्ये सीआरएमचा (कॉकपिटमधल्या समन्वयाचा) वर्ग होतो, पण दोनशे तासांची भीती वर्गात बसून जात नाही. 'ढगातला' सतरा दिवस रोस्टरबाहेर बसला तेव्हा त्याला जे शिकवलं गेलं, तेच कोझिकोडला उजव्या सीटवर बसलं होतं.

निळी वर्दी

हे शेवटचं वाक्य मागे घ्या.

कोझिकोडचे कॅप्टन आपले मराठी, एनडीएचे, हवाई दलात वर्षानुवर्षं नोकरी केलेले. जे गेले ते आपली बाजू मांडायला येत नाहीत. त्या रात्री वायपरने दगा दिला, पहिला प्रयत्न सोडून त्यांनी एकदा गो अराउंड केलंच होतं, वारा फिरला होता. तुम्ही एसीत बसून अहवालाच्या ओळी मोजता. आणि सहवैमानिकाबद्दल जे लिहिलंत ते तर त्याच्या घरच्यांनी वाचलं तर काय वाटेल?

वर्दीतली शिस्त म्हणजे भीती, हे समीकरण मला मान्य नाही. मी पण त्याच पठडीत शिकलो. आम्हाला शिव्या मिळाल्या, मैदानाला फेऱ्या मिळाल्या, आणि आम्ही रात्री, वादळात, तळावर विमान परत आणलं. आजच्या पोरांना आवाज चढवला की रडू येतं.

उजवी सीट

मागे घेणार नाही. मी कुणालाही दोषी म्हटलेलं नाही. दोघांबद्दल मला आदर आहे आणि आदर आहे म्हणूनच अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचला. पहिल्या प्रयत्नानंतर गो अराउंड केलं हे खरं आहे. त्याच अहवालात हेही आहे की सकाळच्या फेरीसाठी कॅप्टन उपलब्ध असावा म्हणून कोझिकोडलाच परतायचा दबाव त्यांच्या मनावर होता. हा दबाव कुणी निर्माण केला? कर्तव्याला चिकटून राहणारा माणूस होता म्हणूनच तो दबाव त्यांना लागला. तुमचीच शिकवण आहे ही, की काम पुरं केल्याशिवाय परतायचं नाही. लढाईत ती हवी. प्रवासी विमानात मागे वळणं हेच काम असतं.

मेलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाही म्हणालात, तर अपघाताचे अहवाल लिहायचे कशाला? विद्यार्थ्यांनी वाचायचे कशाला?

निळी वर्दी

तुमच्यासारख्यांचे चार वर्षांचे अनुभव ऐकून घ्यायची माझी इच्छा नाही. वयाचा मान नाही, अनुभवाचा मान नाही, आणि धागा प्रोफेशनल वागणुकीवर!

मंजिरी, पुणे

काका, हेच तर ते. वयाचा मान नाही म्हणून तुम्ही चर्चा बंद केलीत. कॉकपिटमध्ये हेच झालं तर?

मी पण शिकते आहे, ९४ तास. पुरुष इन्स्ट्रक्टरला "समजलं नाही" म्हटलं की मुलींना वेगळंच ऐकावं लागतं, ते इथे लिहीत नाही. २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला सोलोवर असलेल्या मुलीचं विमान शेतात कोसळलं, ती वाचली. आमच्या हॉस्टेलवर पहिली प्रतिक्रिया काय होती? "मुलगी होती ना." विमानाला काय झालं हे दुसऱ्या दिवशी विचारलं गेलं. तिच्याच वयाची पोरं बोलत होती ही. तेव्हा सगळा दोष इन्स्ट्रक्टरांवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. रील काढायला खिडकीतून फोन धरणारे, आदल्या रात्री पार्टी करून दारूनंतर बारा तास न उडण्याचा नियम घड्याळात बसवणारे, "ब्रेथ टेस्टला मी नाही, तू जा" म्हणणारे, हे आपलेच बॅचमेट आहेत.

निळी वर्दी

मंजिरी, तुला उत्तर देतो कारण तू सरळ बोललीस. मी चर्चा बंद केली, बरोबर आहे. ते वाक्य मी लिहायला नको होतं. बाकी माझं म्हणणं तेच आहे.

एक गोष्ट सांगतो, जी कधी लिहिली नव्हती. मी विद्यार्थी असताना माझ्या प्रशिक्षकाने ढगात शिरायचा निर्णय घेतला. मला दिसत होतं की डोंगर जवळ आहे. मी बोललो नाही. त्यांनीच शेवटच्या क्षणी वळवलं. खाली उतरल्यावर ते एकच वाक्य बोलले, "तुला दिसत होतं ना?" त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण म्हणून शिस्त नको असं मी म्हणणार नाही, म्हणायलाही लावू नका.

एक वडील, लातूर

आपण सगळे मोठी माणसं आहात. पण दोन दिवस कोझिकोडवर गेले. फीचं कुणी बोलेना.

उजवी सीट

काका, तुमचा मुद्दा आणि हा मुद्दा वेगळा नाही. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोन करायचा नियम आला. तो पूर्ण लागू झाल्यावर, डिसेंबर २०२५ मध्ये, देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण पुरेशी माणसं तयारच ठेवली नव्हती. मग नियमाला तात्पुरती सूट. वर पैसे घेऊन माणसं कमी ठेवतात, खाली पैसे घेऊन विमानं कमी ठेवतात. आणि दमलेल्या वैमानिकाने "मी आज फिट नाही" म्हणावं अशी अपेक्षा. विद्यार्थ्याने ताप असताना सॉर्टी नाकारली की परत नंबर पंधरा दिवसांनी. कोण नाकारेल?

विंडसॉक

सगळं वाचलं. काही गोष्टी मान्य करणं मला जड जातंय, पण लिहिते.

'ढगातला', तुमच्या सरांनी जे केलं ते अक्षम्य आहे. आणि मी इथे साधू असल्यासारखं लिहिलं. पाणी निघालेल्या त्या दिवशी मी त्या मुलाला ॲप्रनवर उभं करून, आठ जणांसमोर ती बाटली दाखवली होती. हे मी वर लिहिलं नव्हतं. त्यानंतर त्याने मला कधीच आपण होऊन काही विचारलं नाही. मी समजत होते की तो सुधारला.

पान्यांचं टेक लॉगबद्दलचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. आमच्याकडे उद्यापासून स्नॅग लिहिणाऱ्याचं नाव रोस्टरवर आपोआप मागे जाणार नाही, एवढं माझ्या हातात आहे, तेवढं करते. "समजलं नाही" म्हटल्याबद्दल सॉर्टी कापणार नाही. पण ड्रेन न करता टिक केली तर सोलो थांबेल. वडिलांचा फोन आला तरी थांबेल. व्याज वाढलं तरी थांबेल. आणि विमान तुम्हीच ढकलायचं.

पाना १०-११

स्नॅगचं लेखी काढा मॅडम. तोंडी सांगितलेलं सीएफआय बदलला की जातं.

ढगातला

विमान ढकलण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे. माणसं ठेवा, पगार द्या. डाग बघायचे तर वॉक-अराउंडमध्ये (उडण्याआधी विमानाभोवती मारायच्या फेरीत) दिसतात. ड्रेनचं मात्र तुमचं बरोबर. आज सकाळी माझ्या आधीच्या मुलाने टिक केलेली होती, मी परत केलं. पाणी नव्हतं. सॉर्टीला सात मिनिटं उशीर झाला आणि सगळे ओरडले.

एक वडील, लातूर

बरं झालं केलंस बाळा. माझ्या मुलालाही सांगतो.

फी तासाप्रमाणे का घेत नाहीत, हे कुणी सांगेल का?